कोकणात जागा घ्यायची तर मे महिन्यात बघा

पावसाळ्यातली हिरवाई बघून बयाणा देऊ नका. तीच जागा मे महिन्यात बघा, शेजारच्या विहिरीत डोकावा. पाण्याची सोय नसेल तर जागा सोडा, कितीही आवडली तरी.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. सातबारा फेरफारांसकट, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींसकट वाचा: ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव आहे का, जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी तर नाही ना? कोकणात एकेका सातबाऱ्यावर मुंबईतल्या चुलत्यांपर्यंत नावं असतात, आणि एकाची सही राहिली की पुढे वर्षानुवर्षं कोर्ट. गाडीवाट तोंडी नको, कागदावर हवी.

घर लहानच बांधा. जांभ्याच्या भिंती, उतरतं छप्पर, नैऋत्येला रुंद पडवी. पावसाचा मारा तिकडूनच येतो.