इंदूरजवळची गावं, शहर आणि वनविभाग मिळून निसर्ग राखणारी आणि उत्पन्नही देणारी भागीदारी कशी उभारावी?

तुम्ही विचारलंय की महूपासून हातोदपर्यंतची काही गावं, इंदूरमधल्या दोन-तीन संस्था आणि वनविभाग यांना एकत्र आणून टेकड्या-तलाव राखायचे आहेत, गावांचं उत्पन्नही वाढवायचं आहे, तर नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी आणि पैसा कुठून आणावा. मी इंदूरचीच. शेतकरी कंपन्या आणि लहान संस्था यांचे हिशोब लिहिणं-तपासणं हे माझं काम, त्यामुळे इंदूर, देवास, धार इथल्या अशा बऱ्याच संस्थांची दप्तरं हाताखालून जातात. त्या अनुभवावरून सांगते, नोंदणीचं सगळ्यात शेवटी बघा. आधी हे ठरवा की या भागीदारीत कोण काय सोडणार आहे आणि त्याबदल्यात त्याला काय मिळणार, कधी आणि कोणाच्या खिशातून.

संवर्धन म्हटलं की कुणाला तरी काहीतरी सोडावं लागतंच. चराई, सरपण, बोअरचं जादा पाणी, तलावाच्या काठची गाळपेराची जमीन. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना इथे लगेच हिवरे बाजार आठवेल. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरबंदी, सगळं त्या गावानं स्वतः ठरवून पाळलं आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ते एक गाव आहे. तिथे ज्यानं सोडलं त्याच्याच विहिरीला पाणी आलं. तुम्ही पंधरा-वीस गावं आणि एक शहर जोडायला निघालात की सोडणारा वरच्या अंगाला राहतो आणि मिळवणारा खाली, कित्येक किलोमीटर लांब. दोघांची कधी गाठसुद्धा पडत नाही. तुमची भागीदारी नेमकी ही गाठ घालून देण्यासाठी हवी.

म्हणून प्रदेश निवडताना तालुक्याची हद्द बघू नका, पाण्याची वाट बघा. तुमच्याकडे ती समोरच आहे: गंभीर नदी. जानापाव टेकडीच्या बाजूनं, महू तालुक्यातून ती उत्तरेला निघते, हातोदजवळ यशवंत सागरात येते आणि पुढे उज्जैनकडे जाते. होळकरांच्या काळातला यशवंत सागर आजही इंदूरच्या काही भागाला पाणी देतो. २०२२ साली तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, सारस क्रौंचांसाठी तो मध्य भारतातला महत्त्वाचा आसरा आहे. पुढे याच नदीवरच्या गंभीर धरणातून उज्जैनला प्यायचं पाणी मिळतं. म्हणजे वरच्या उतारावरची माती सुटली की गाळ इंदूरच्या तलावात येतो आणि त्याचा त्रास उज्जैनपर्यंत पोचतो. महूकडचा गुराखी, इंदूरची महापालिका आणि उज्जैनमधला नळधारक आधीपासूनच एकमेकांशी बांधलेले आहेत. त्यांच्यात हिशोब तेवढा व्हायचा राहिलाय. गावं थोडी घ्या, पण माथ्यापासून तलावापर्यंत सलग घ्या.

आता सोडणाऱ्याचं. एका गावच्या समितीचं दप्तर मी तपासत होते. त्यात टेकडीवर चराईबंदी करण्याचा ठराव होता, सुवाच्य अक्षरात, तारीख-वार सगळं नीट. खाली सह्यांची रांग. शेजारी गावातल्या कुटुंबांची यादी ठेवून मी एकेक नाव लावून पाहिलं. सह्या करणारे सगळे विहीरवाले, म्हशी दावणीला बांधून पाळणारे. शेळ्यांवर घर चालवणाऱ्यांपैकी एकाचीही सही नाही, अंगठा नाही. त्यांना बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तारेचं कुंपण जागोजागी कापलेलं होतं. तिथल्या एका बाईला मी विचारलं, तर ती म्हणाली, "तार तो लगा दी, बकरी क्या खाएगी?" तुमच्या आराखड्यात या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं नसेल तर बाकीची पानं कितीही चांगली असोत, कुंपण टिकणार नाही.

हे उत्तर आपल्या देशात एका ठिकाणी फार चांगलं सापडलं होतं. चंदीगडचा सुखना तलाव गाळानं भरत चालला होता. गाळ कुठून येतो ते शोधत मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा सत्तरच्या दशकात शिवालिकच्या पायथ्याच्या सुखोमाजरी गावापर्यंत पोचले. उघड्या चराईनं तिथले उतार बोडके झाले होते. गावासाठी एक लहान मातीचं धरण बांधलं गेलं, आणि मग लोकांनी खरी कमाल केली. त्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा ठरला, भूमिहीनालासुद्धा. ज्याला शेत नाही त्यानं आपला वाटा विकावा. यामुळे टेकडी राखण्यात प्रत्येक घराचा स्वतःचा फायदा आला, आणि गावानं चराई आपणहून बंद केली. वनविभागानं भाबर गवत बाहेरच्या ठेकेदाराला न देता गावाच्या सोसायटीला दिलं. शेळ्या कमी झाल्या, म्हशी आल्या, दूध वाढलं, आणि तलावात येणारा गाळ खूप कमी झाला. भूमिहीनाचा पाण्यात वाटा, हे कलम तुमच्या करारात जसंच्या तसं घ्या. खालच्या गावातले बागायतदार त्याला विरोध करतील. तिथे तुम्ही मागे हटू नका.

शहरानं काय द्यावं? हिमाचलमधल्या पालमपूरनं २०१० साली वरच्या बोहल गावच्या समितीशी करार केला. झऱ्याच्या वरचं जंगल गावानं राखायचं, नगर परिषदेनं त्यांना दरवर्षी १०,००० रुपये द्यायचे, मुदत २० वर्षं. रक्कम लहान आहे, मला तर ती फारच लहान वाटते. पण ती देणगी नाही, पाण्याचा मोबदला आहे, आणि तो नगरपालिकेच्या खर्चात लिहिला जातो. आमच्या घरी नर्मदेचं पाणी १९७८ साली नळाला आलं, त्या दिवसाची गोष्ट आजही सांगतात. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपानं चढवून आणलेलं हे पाणी किती महाग पडतं ते इंदूर महापालिकेला पुरतं माहीत आहे. त्या पंपांच्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायला २०२३ साली तिनं २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले आणि सामान्य लोकांनीही ते घेतले. पाण्यासाठी पैसे गुंतवायची या शहराची तयारी आहे. मग यशवंत सागराच्या वरच्या उतारांसाठी पाणीपट्टीच्या उत्पन्नातून एक लहानसा हिस्सा बाजूला काढा, ही मागणी नगरसेवकांसमोर आकड्यांसह ठेवता येते, आणि ती ठेवायलाच हवी.

मोबदल्याला जोड हवी ती रोजच्या कमाईची. दोन गोष्टी सुचवते.

एक सीताफळ. मानपूर-मांडूकडच्या खडकाळ उतारांवर ते सहज येतं, आणि शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणजे राखणीचा निम्मा त्रास वाचतो. अडचण विक्रीची आहे. फळाचे डोळे उघडले की तोडावं लागतं, आणि मग दोन-तीन दिवसांत ते मऊ पडून काळं होतं. सकाळी रस्त्याच्या कडेला टोपलीला जो भाव मागतात तो उन्हं उतरेपर्यंत निम्म्यावर येतो, कारण घेणाऱ्याला माहीत असतं की बाई ही टोपली घरी परत नेणार नाही. गर काढून लगेच गोठवला, उणे १८ अंशांखाली ठेवला, तर तो महिनोन्‌महिने विकता येतो. इंदूरच्या सराफा बाजारातले रबडीवाले आहेत, आइस्क्रीमवाले आहेत, लग्नाचे आचारी आहेत, गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. मात्र एक लक्षात ठेवा. इंदूर-देवास पट्ट्यात बटाट्याची शीतगृहं भरपूर आहेत, पण ती २ ते ४ अंशांची, गराला चालत नाहीत. जिथे मटार गोठवतात तिथे भाड्यानं जागा घ्या. स्वतःचं शीतगृह बांधायच्या नादात चांगल्या चाललेल्या संस्था कर्जात बुडालेल्या मी दप्तरांत पाहिल्या आहेत.

दुसरा गहू. आपल्या मराठी घरांत, रामबाग असो की लोकमान्य नगर, एप्रिल-मे महिन्यात वर्षाचा गहू भरायची पद्धत अजून आहे. मालव्यातला जुना कठिया, म्हणजे ड्युरम, गहू एक-दोन पाण्यांवर येतो, आणि कमी पाण्याचे सुधारित कठिया वाण इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातून निघाले आहेत. बाफले, लाडू, रवा यांना तो नेहमीच्या लोकवन गव्हापेक्षा सरस. शंभर घरांनी पेरणीआधीच तीन-तीन क्विंटलची मागणी नोंदवून अर्धे पैसे दिले, तर साधारण दहा-पंधरा हेक्टरांचं पीक विकूनच पेरलं गेलं असं समजा. मग त्या शेतकऱ्याला चार-पाच पाणी देऊन जास्त उताऱ्याच्या मागे धावायची गरज उरत नाही, आणि तेवढं पाणी जमिनीत राहतं. आपली मंडळं, भिशीचे गट, सोसायट्या हे काम उद्यापासून करू शकतात. त्याला कुठलीही परवानगी लागत नाही.

शेतकरी हिशोब बघून बदलतो, याचा दाखला शेजारच्या देवासलाच आहे. पाण्याची एवढी ओढ की १९९० च्या सुमारास तिथे रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. २००६ मध्ये तिथले कलेक्टर उमाकांत उमराव यांनी शेताच्या दहाव्या हिश्शात तळं खोदा असं मोठ्या शेतकऱ्यांना पटवलं. आधी अनुदान नव्हतंच, लोकांनी स्वतःचे पैसे घातले, कर्जं काढली. बोअरवर बोअर मारून आटलेल्या शेतकऱ्याला तळ्याचं गणित स्वस्त दिसलं आणि एकाचं बघून दुसऱ्यानं खोदलं. "रेवा सागर" म्हणून ती तळी आज ओळखली जातात. तुमच्या खोऱ्यात खालच्या, सधन गावांत हेच करा, आणि अनुदानाचा पैसा वरच्या गावांसाठी राखून ठेवा.

नोंदणीचं थोडक्यात. संवर्धनाचं काम आणि व्यापार एकाच संस्थेत घालू नका. संवर्धनासाठी मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली संस्था करा. तिला आयकर खात्याकडून करसूट आणि देणगीदाराला सवलत देणारी नोंदणी मिळाली की देणग्या घेणं सोपं जाईल. गर आणि गहू यासाठी वेगळी शेतकरी उत्पादक कंपनी करा. ती दहा उत्पादक मिळूनही होते, पण केंद्राच्या २०२० च्या योजनेच्या लाभासाठी मैदानी भागात ३०० सभासद लागत. त्यात तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि १५ लाखांपर्यंत भागभांडवलाला जोड मिळत असे; नव्या कंपनीला ती आज मिळते का हे आधी विचारून घ्या. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, हे तुमच्या फायद्याचं. दोन्ही संस्था, पंचायती, वनविभाग आणि महापालिका यांच्यात एक लेखी करार असावा. वनविभागाचं जे कबूल होईल ते तोंडी ठेवू नका, अधिकारी बदलला की सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

पीथमपूरचे कारखाने जवळ आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगितलंय. तो पैसा जरूर मागा, पण फक्त एकदाच होणाऱ्या खर्चासाठी: बंधारे, रोपं, गर काढायची यंत्रं. दरवर्षीचा मोबदला त्यावर टांगू नका, कारण पुढच्या वर्षी कंपनीचं मन दुसऱ्या कामावर गेलं तर शेळीवाल्या बाईला उत्तर कोण देणार?

सुरुवात वरच्या गावांपासून करा. घराघरांत जाऊन वही करा: कोणाकडे शेळ्या किती, गाई किती, सरपण कुठून येतं, टेकडी बंद झाली तर वर्षाला नुकसान किती. ही वही झाल्याशिवाय मोठी बैठक घेऊ नका. बँक खात्यावर दोन सह्या ठेवा, त्यातली एक वरच्या गावातल्या बाईची. आणि जमाखर्च वर्षातून दोनदा गावातच, चौकात, मोठ्यानं वाचून दाखवा. तिथे पडलेला प्रश्न माझ्यासारखी तपासणारी बाई ऑफिसात बसून काढू शकत नाही.

तुम्ही कोणती गावं धरताय आणि त्यात शेळ्या साधारण किती आहेत हे इथेच खाली लिहिलंत, तर मोबदल्याचा पहिला अंदाज मी बसवून देईन. सीताफळाची तोड दसऱ्याच्या आसपास सुरू होते, तेव्हा गर गोठवायच्या जागेचं बोलणं श्रावणातच पक्कं करून ठेवा.