आपले प्रश्न : रीसलिंगचा सुगंध, गोडवा आणि आंबटपणा

मागील अंकात थंड प्रदेशांतील सुगंधी पांढऱ्या वाइनविषयी लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर इंदूरच्या वाचकांकडून बरीच पत्रे आली. त्यांतील काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. बहुतेकांचा रोख गोडव्यावर असल्यामुळे पहिल्या उत्तराला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मुलाने जर्मनीहून येताना रीसलिंगच्या दोन बाटल्या आणल्या. दोन्ही मोझेलच्या खोऱ्यातल्या. ‘काबिनेट्ट’ लिहिलेली बाटली चांगलीच गोड निघाली, तर ‘ट्रोकन’ लिहिलेली इतकी आंबट, की पाहुण्यांनी पेले अर्धे तसेच ठेवले. यांतली अस्सल रीसलिंग कोणती मानायची?
— एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : दोन्ही अस्सल आहेत. रीसलिंग हे द्राक्षाचे नाव आहे. त्यावरून वाइन गोड असेल की कोरडी, हे ठरत नाही. द्राक्षरसातील साखर खाऊन यीस्ट मद्यार्क तयार करते. हे काम शेवटपर्यंत होऊ दिले तर वाइन कोरडी होते आणि मध्येच थांबवले तर साखर शिल्लक राहते. म्हणून बाटलीवरचे जर्मन शब्द कळले नाहीत तरी मद्यार्काचा आकडा पाहावा. तो ८ टक्क्यांच्या आसपास असेल तर साखर राहिलेली आहे हे निश्चित समजावे आणि १२ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाइन बहुधा कोरडी असते. आपल्या दोन्ही बाटल्यांवरचे आकडे ताडून पाहिलेत तर हा फरक तिथेच दिसेल.

आता शब्दांकडे वळू. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, आणि तिच्यात लिटरमागे फार तर ९ ग्रॅम साखर चालते. ‘हाल्बट्रोकन’ला, म्हणजे अर्धकोरडीला, १८ ग्रॅमपर्यंत मुभा आहे, साधारण तशाच वाइनवर दिसणाऱ्या ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला मात्र कायद्याची मर्यादा नाही, तो उत्पादकाच्या मर्जीने लागतो. ‘काबिनेट्ट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ ही चढती श्रेणी वेगळीच गोष्ट सांगते: द्राक्षे खुडली तेव्हा त्यांच्या रसात किती साखर होती, एवढेच. बाटलीत किती उरली, हे तिच्यातून कळत नाही. त्यामुळे ‘श्पेटलेझे ट्रोकन’ अशी वरकरणी विसंगत वाटणारी जोडी प्रत्यक्षात आढळते: उशिरा खुडलेली, पिकलेली द्राक्षे आणि तरीही कोरडी वाइन. १९७१च्या जर्मन कायद्याने पक्की केलेली ही रचना ग्राहकाच्या सोयीची आहे असे मला कधीच वाटले नाही, पण एकदा उलगडली की ती पुन्हा अडवत नाही.

पाहुण्यांनी पेले ठेवले त्याचे कारण मात्र आंबटपणात आहे, आणि रीसलिंगचे सारे गुण त्या आंबटपणावरच उभे आहेत. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन प्रमुख आम्ले असतात. उष्ण प्रदेशात, विशेषतः रात्रीही तापमान उतरत नसेल तर, पिकत असलेले फळ मॅलिक आम्ल झपाट्याने खर्च करते. मोझेलचे खोरे जवळजवळ ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे हे आम्ल टिकते. खरी चिंता असते ती द्राक्ष पिकेल की नाही याची. म्हणून वेली दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर लावतात. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटचा उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो. तिथे माणूसच मोठ्या कष्टाने उभा राहतो, ट्रॅक्टरची गोष्ट दूरच. जमिनीतील पाटीच्या दगडाचे काळे तुकडे दिवसाची ऊब धरून ठेवतात आणि खालची नदी ऊन परतवते. अशा जागी द्राक्ष सावकाश, बहुधा ऑक्टोबरपर्यंत पिकते आणि सुगंध जमवायला त्याला अवधी मिळतो.

इतके आम्ल साखरेशिवाय प्यायचे म्हटले तर पहिला घोट दातांना जाणवतो. तेच आम्ल लिटरमागे ४० ग्रॅम साखरेच्या सोबतीला आले की कैरीच्या पन्ह्यासारखे होते: गूळ जाणवतो, पण तोंड गुळचट होत नाही. त्यामुळे काबिनेट्ट गोड आहे म्हणून ती हलक्या दर्जाची, नवशिक्यांची वाइन, हा समज सोडून द्यावा. गोडवा किती, याऐवजी घोट गिळल्यावर तोंड चिकट राहते की स्वच्छ होते, हे पाहावे. स्वच्छ होत असेल तर ती वाइन चांगली.

प्रश्न : फ्रान्समधील अल्सासची, गेव्युर्त्सत्रामिनर या द्राक्षाची वाइन एका स्नेह्यांकडे चाखली. ती कोरडी आहे असे त्यांनी सांगितले, पण मला गुलकंदाइतकी गोड वाटली. सुगंधासाठी बाहेरून काही मिसळतात का?
— एक वाचिका, लोकमान्यनगर

उत्तर : काहीही मिसळत नाहीत. आपल्या नाकाने जिभेची फसवणूक केली असण्याची शक्यता आहे आणि ते पडताळून पाहणे सोपे आहे. नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा आणि तो तोंडात फिरवावा. गुलाब आणि लिची दोन्ही नाहीशी होतील. जीभ साखर, आम्ल आणि शेवटचा किंचित कडवटपणा एवढेच सांगेल. मग नाक सोडावे. सुगंध घशामागून एकदम वर येतो आणि त्याबरोबर ‘गोडवा’ही परततो. नाक बंद असतानाही गोड लागले तर मात्र साखर खरोखरच आहे. अल्सासमध्ये या द्राक्षाच्या वाइनमध्ये थोडीफार साखर राहणे नवलाचे नाही.

गुलाब-लिचीचा भास उगीच होत नाही. या द्राक्षात रोझ ऑक्साइड नावाचे जे सुगंधद्रव्य आहे, तेच लिचीतही सापडते. मस्कट द्राक्षात लिनालूल आणि जिरॅनिओल भरपूर असतात. लिनालूल हा धन्याच्या तेलाचा मुख्य घटक आहे, तर जिरॅनिओल आपल्या शेजारच्या निमाडातील रोशा गवताच्या तेलाचा. ज्यांनी ते तेल हुंगले आहे त्यांना मस्कटचा पेला ओळखीचा वाटेल. रीसलिंगमध्ये ही द्रव्ये असतात, पण कमी प्रमाणात. म्हणून तिचा सुगंध लिंबू, हिरवे सफरचंद, पांढरी फुले असा हलका राहतो. गेव्युर्त्सत्रामिनर याच्या उलट आहे: सुगंध दाट, मद्यार्क बहुधा १३ टक्क्यांच्या वर आणि आंबटपणा कमी. पहिला पेला भुरळ घालतो, दुसरा जड होतो, हे माझे प्रामाणिक मत. सुगंध हवा पण एवढा भडक नको, असे ज्यांना वाटते त्यांनी ऑस्ट्रियाची ग्र्यूनर वेल्टलिनर पाहावी. तिच्यात फुलांपेक्षा पांढऱ्या मिऱ्याचा वास पुढे असतो.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीची जुनी रीसलिंग उघडली तर रॉकेलसारखा वास आला. बाटलीला बूचही नव्हते, फिरकीचे झाकण होते. वाइन बिघडली होती का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : नाही. हा वास टीडीएन या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचा असतो. द्राक्षावर ऊन जास्त पडले की सालीतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून त्याचे मूळ घटक तयार होतात आणि बाटलीत वर्षे जातात तसे ते प्रकट होते. क्लेअर व्हॅलीत ऊन प्रखर असल्यामुळे तिथल्या जुन्या रीसलिंगमध्ये हा वास नेहमीचाच आहे. कोणाला तो प्रिय असतो, कोणाला सहन होत नाही. वासामागे लिंबाचा ताजेपणा शिल्लक असेल तर वाइन उत्तम स्थितीत आहे. बिघाडाच्या खुणा निराळ्या: शिरक्याचा झणका, किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. हा दुसरा दोष बहुतेक वेळा बुचातून येतो, आणि तो टाळण्यासाठीच क्लेअरच्या अनेक उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन आपल्या रीसलिंगला फिरकीचे झाकण लावायला सुरुवात केली. तेव्हा झाकणावरून वाइन स्वस्तातली ठरवू नये.

प्रश्न : मे महिन्यात इंदुरात वाइन ठेवावी कशी आणि द्यावी किती थंड? घाईत बाटली फ्रीझरमध्ये ठेवली होती. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे जमले.
— एक वाचिका, तिलकनगर

उत्तर : ते खडे काचेचेही नाहीत आणि साखरेचेही नाहीत. थंडीमुळे टार्टारिक आम्लाचे क्षार साका धरतात. केकच्या सामानात मिळणारे क्रीम ऑफ टार्टर ते हेच. ते निरुपद्रवी आहेत. बाटली थोडा वेळ उभी ठेवून वरची वाइन हलक्या हाताने ओतावी.

फ्रीझर मात्र टाळावा, कारण बाटली विसरली गेली तर गोठून फुगलेली वाइन बूच बाहेर ढकलते. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घेऊन त्यात बाटली मानेपर्यंत बुडवली तर वीसेक मिनिटांत काम होते. नुसत्या बर्फाने इतक्या लवकर होत नाही, कारण खड्यांमधल्या पोकळीत हवा राहते. हलक्या रीसलिंगला ८ ते १० अंश सेल्सिअस पुरे. गेव्युर्त्सत्रामिनरला दोन अंश जास्त द्यावेत. फ्रिजमधून थेट चार-पाच अंशांवर ओतली तर सुगंध दबलेला राहतो, आणि मग एवढी सुगंधी वाइन आणली कशाला, असा प्रश्न पडतो. बाहेर ४० अंश असताना पेला भराभर तापतो, तेव्हा तोंडाशी निमुळता असलेला पेला तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरावा आणि पुन्हा पुन्हा ओतावे. साठवणीसाठी माळा किंवा काचेचे शोकेस नको. उन्हाळाभर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहिली तर तिचे काही बिघडत नाही.

प्रश्न : नाशिकची रीसलिंग ही खरी रीसलिंग असते का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : होय. सुला विनयार्ड्सने नाशिकला याच द्राक्षाची वाइन केली आहे. नाव सारखे आणि द्राक्ष वेगळे, असा घोटाळा युरोपात आहे: मध्य युरोपातील वेल्शरीसलिंगचा रीसलिंगशी काही संबंध नाही. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तिथे छाटणी पावसाळा संपताना करतात आणि जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षे खुडतात, म्हणजे फळाला निदान हिवाळ्याच्या गार रात्री मिळतात. तरीही मोझेलच्या आम्लाची अपेक्षा तिच्याकडून करू नये आणि ती वर्षानुवर्षे साठवू नये. ताजी असतानाच प्यावी.

प्रश्न : आमच्या घरच्या तिखट जेवणाबरोबर यांतले काय चालेल?
— एक वाचिका, स्नेहलतागंज

उत्तर : मद्यार्क तिखटाची आग वाढवतो, साखर ती शमवते. म्हणून ८-९ टक्क्यांची, किंचित गोड रीसलिंग तिखटाबरोबर इतर वाइनपेक्षा सरस ठरते. भुट्ट्याचा कीस हा तिचा उत्तम जोडीदार आहे: दूध आणि कोवळ्या मक्याचा गोडवा, मोहरीची फोडणी, हिरवी मिरची, वरून लिंबू, हे सगळे ती सांभाळून घेते. चिंचगुळाच्या अळूवडीबरोबर फाइनहेर्ब चांगली लागते. थंडीत सराफ्यातला गराडू घरी आणलात तर त्यावरचे जिरावण आधी निम्मे झटकावे, मग कोरडी रीसलिंगही शोभते. जिरावणातला हिंग आणि काळे मीठ कोणत्याही नाजूक सुगंधावर मात करतात. पुरणपोळीच्या वाटेला जाऊ नये. गोड पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड असावी लागते, आणि तितक्या गोड जर्मन वाइनच्या अर्ध्या बाटलीच्या किमतीत महिन्याचे साजूक तूप येईल. उरलेली रीसलिंग झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी; आम्लामुळे ती चार-पाच दिवस सहज टिकते.