वाचकांचे प्रश्न : अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर जेवायचे कसे?

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी आधी केमोथेरपी व रेडिएशन आणि नंतर, चार महिन्यांपूर्वी, शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. मात्र वजन बरेच उतरले आहे, चार घासांतच पोट भरते, जेवल्यावर कधी कधी छातीत धडधडून दरदरून घाम फुटतो आणि रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते. आठवडाभर पोळीचा घासही छातीत अडकतो. सासूबाई म्हणतात, पोटभर जेवल्याशिवाय ताकद कशी येणार? आजार उलटला असेल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : घास अडकण्याची तक्रार आपण शेवटी लिहिली असली, तरी आधी तिचाच विचार करायला हवा. या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा रोगट भाग काढून, बहुधा जठराचीच नळी करून ती वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. ही जोडणी भरून येताना पहिल्या काही महिन्यांत आक्रसणे नेहमीचे आहे, आणि ती दुर्बिणीतून रुंद करता येते. काहींना हा उपचार पुन्हापुन्हा घ्यावा लागतो. मात्र घास अडकण्याचे कारण ही आक्रसलेली जोडणी आहे, की रोग उलटला आहे, हे तपासल्याशिवाय कोणीही सांगू नये. म्हणून ठरलेल्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात आपल्या सर्जनना भेटा. पाणीही उतरेनासे झाले, उलटीत रक्त दिसले, शौचाला काळी झाली किंवा ताप येऊन दम लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोवर पोळी बंद ठेवून मऊ खिचडी, नाचणीची पेज, घोटलेले वरण असे पदार्थ द्यावेत.

सासूबाईंची काळजी समजते, पण आग्रहाचा इथे अपायच होतो. जठराची आता अरुंद नळी झाली असल्याने पूर्वीचे ताटभर जेवण त्यात मावत नाही, आणि भुकेची जाणीवही मंदावलेली असते. त्यामुळे भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून दर दोन-अडीच तासांनी वाटीभर खाणे, प्रत्येक घास सावकाश चावणे आणि पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने घोटघोट घेणे, हीच रीत ठेवावी. वाटी लहान असल्यामुळे तिच्यातले अन्न कसदार हवे : खिचडीत चमचाभर तूप, पेजेत दूध पावडर, चालत असल्यास अंडे, पनीर किंवा मऊ शिजवलेला मासा.

धडधड आणि घाम यांचे कारण बहुतेक वेळा असे असते, की अन्न, विशेषतः गोड, लहान आतड्यात फार लवकर उतरते आणि तिथे पाणी खेचून घेते. हे जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आसपास होते. जेवून एक ते तीन तासांनी घाम, थरथर व अशक्तपणा आला, तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी ग्लुकोमीटरने साखर मोजून नोंद ठेवावी. उसाचा रस, सरबत, शिरा हे ‘ताकदीसाठी’ म्हणून दिले जाणारे पदार्थ दोन्ही प्रकारांत त्रास वाढवतात.

रात्रीच्या आंबट पाण्यासाठी नुसत्या उशा रचू नयेत. त्याने कंबरेत वाकून पोट दाबले जाते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून अख्खी बाजूच उंच करावी आणि शेवटचे खाणे झोपेच्या तीन तास आधी उरकावे. जेवल्यावर लगेच वामकुक्षी हा पुणेकरांचा जुना हक्क, पण यजमानांना तो सोडावा लागेल. दुपारी टेकायचे झाल्यास खुर्चीत.

वजनाबाबत घाई नको. या काळात ते बरेच उतरते आणि अनेकांचे पूर्वीइतके कधीच होत नाही. ते एका जागी स्थिरावणे महत्त्वाचे. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. ते घसरतच राहिले, तर काही काळ नळीवाटे पोषण देण्याचा विचार करावा लागतो. ब-१२ जीवनसत्त्व आणि लोह यांची तपासणीही सर्जनच्या भेटीत विचारून घ्यावी, कारण जठराची रचना बदलल्याने दोन्हींचे शोषण कमी होऊ शकते.