दोन चंद्रांच्या जगातला धर्म: एका नव्या लेखिकेला पत्र

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीचा आराखडा आणि धर्मावरचं टिपण, दोन्ही नीट वाचलं. जग छान उभं राहिलंय. आकाशात दोन चंद्र, खाली खाडीकाठची मिठागरं, बांध घालून पाण्याकडून मिळवलेली शेतं. धर्म मात्र त्या जगात रुजलेला वाटत नाही. पंचमहाभूतांचे पाच देव, एक अंधाराचा देव, पांढऱ्या वस्त्रांतले पुजारी, आरंभी शून्य आणि शून्यातून नाद. हेच टिपण वाळवंटातल्या कादंबरीला जोडलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही, आणि नेमकं तिथेच घोडं अडतंय.

धर्म देवापासून रचायला घेऊ नकोस, कामापासून घे. त्या लोकांना ठरावीक दिवशी काय करावंच लागतं, ते चुकलं तर काय बुडतं आणि ते काम कुणाच्या हातात आहे, हे आधी पक्कं कर. देव, सृष्टीची कथा, पापपुण्य हे सगळं त्यामागून येऊ दे.

तुझ्याच आराखड्यात यासाठी लागणारं सगळं आहे, तू फक्त हिशेब केलेला नाहीस. मोठा चंद्र अमावास्येपासून अमावास्येपर्यंत 30 दिवस घेतो, धाकटा 19. आपल्याकडे अमावास्येला उधाण येतं तसं पौर्णिमेलाही येतं. म्हणजे तुझ्या खाडीत मोठ्या चंद्राचं उधाण दर 15 दिवसांनी आणि धाकट्याचं दर साडेनऊ दिवसांनी. ही दोन्ही नेमकी एकाच वेळी गाठतात ती 285 दिवसांनी. आता गंमत बघ. दोघांची अमावास्या एकत्र आली त्या रात्रीपासून मोजलं, तर 285 व्या रात्री मोठ्या चंद्राची पौर्णिमा असते आणि धाकट्याची अमावास्या. 570 व्या रात्री दोघांचीही अमावास्या. पाणी दोन्ही रात्री सारखंच चढतं, पण एका रात्री लख्ख चांदणं असतं आणि दुसऱ्या रात्री मिट्ट काळोख. तुझ्या धर्माचा उगम या दोन रात्रींत आहे आणि त्यातली पहिली फूटही इथेच आहे.

एरवीच्या उधाणाला बांध पुरतो, या दोन रात्रींना पुरत नाही. पाणी बांधावरून येतं, मिठाचे ढीग विरघळतात, शेतं खारट होतात, लहान मुलं वाहून जातात. काळोखातली रात्र जास्त माणसं नेते, कारण पाणी दिसतच नाही. मग गावातलं कुणीतरी दिवस मोजायला लागतं. तुझी संस्थापक ती असू दे. साक्षात्कार, आकाशवाणी काही नको. मिठागरावर टोपल्यांचा हिशेब ठेवणारी बाई, दोरीला गाठी मारून दिवस मोजणारी. तिने एकदा सांगितलं, लोक हसले, पाणी आलं. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा निम्मा गाव टेकडीवर गेला. तिसऱ्या खेपेला तिच्या दारात लोक विचारायला येऊन बसले. एवढ्यावर धर्म सुरू होतो.

देवघर कसं दिसतं तेही यातूनच निघतं. 570 गाठींची एकच दोरी केली तर चार-चार बोटांच्या अंतराने ती चाळीस मीटरच्या वर जाईल, हाताळताच येणार नाही. म्हणून एका आडव्या वाशाला 30 दोऱ्या, प्रत्येकीला 19 गाठी. एक दोरी म्हणजे धाकट्या चंद्राची एक फेरी. लांबी दीड मीटरच्या आत, उभ्याने हात पोचेल अशी. दोरी काथ्याची हवी, खाऱ्या हवेत सूत लवकर कुजतं. रोज पहाटे एक गाठ सुटते. पहिल्या पिढीत ही नुसती दोऱ्यांची पडवी असते. तिसऱ्या पिढीत तिथे चपला काढून जातात, आणि का काढायच्या ते कुणालाच सांगता येत नाही. रिकामी झालेली दोरी कुठे जाते तेही ठरव. ती मयताच्या मनगटाला बांधतात असं केलंस, तर गावात मेलेलं माणूस दोरी रिकामी होईपर्यंत थांबू शकत नाही, मग जुन्या दोऱ्यांचा साठा लागतो, तो कोण ठेवतं, पैसे घेऊन देतं का, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. कादंबरीला असेच प्रश्न हवेत.

संस्थापक गेल्यावर पहिली पन्नासेक वर्षं काय होतं, ते बघायला आपल्याकडचं उदाहरण महानुभाव पंथाचं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे शिष्य म्हाइंभटांनी, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण गोळा केली आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध झालं. मूळ प्रत पुढे हरवली, अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा लिहिलं, त्यामुळे पाठांत फरक पडले. स्थानपोथीत तर स्वामी कुठल्या गावात कुठे राहिले, कुठे बसले त्या जागांचीच नोंद आहे. पुढे पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेल्या आणि कित्येक शतकं बाहेरच्यांना वाचताच आल्या नाहीत. यातलं तुझ्या कामाचं असं: धर्मग्रंथ एकसंध, एकाच आवाजातला लिहू नकोस. तुझ्या मोजणाऱ्या बाईबद्दल एक आठवण तिच्या भाचीची, एक शेजाऱ्याची, एक तिला खोटारडी म्हणणाऱ्या माणसाच्या नातवाची असू दे. तिघांच्या सांगण्यात तिचा गाठ मारायचा हात डावा की उजवा, यावरही मेळ बसू नये. तू लिहिलेली सृष्टीची कथाही ठेव, पण ती शंभर वर्षांनंतर, पडवीला दगडी भिंती झाल्यावर कुणीतरी रचलेली म्हणून ठेव.

श्रद्धा काय मानते तेही कामातूनच काढ. जमीन पाण्याची आहे, आपल्याला ती वापरायला दिलीय, आणि पाणी 285 दिवसांनी पाहणीला येतं. एवढं मूळ पुरे. यातून नीती सरळ निघते. बांधावर घर बांधणं पाप. बांधाला भोक पाडणाऱ्याला गावात पाणी मिळत नाही. उघाडीपाशी, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दारापाशी, उभं राहून खोटं बोलायचं नाही, म्हणून सगळे करार तिथेच होतात. प्रत्येक नियमाला असं मूळ सापडलं पाहिजे. ज्याला सापडत नाही तो खोड. याला एकच अपवाद ठेव: एखादा नियम असा असावा की त्याचं मूळ फक्त तुला माहीत आहे, पात्रांना नाही.

आता पोट. पुजारी काय खातात हे टिपणात कुठेच नाही, आणि बहुतेक कल्पित धर्म इथेच पोकळ निघतात. 30 दोऱ्यांवरून मिठाच्या 30 टोपल्यांतली एक पडवीला, असा हक्क धर. 60 घरांचं गाव, घरटी हंगामाला 150 टोपल्या, म्हणजे 9,000 टोपल्या, पडवीला 300. त्यात फार तर दोन-तीन कुटुंबं जगतील. हे लोक गावाचे आश्रित आहेत, गावाला दटावू शकत नाहीत. पण तुझ्या राजधानीत 2,000 घरं आहेत. त्याच दराने 10,000 टोपल्या झाल्या. आता वखार आली, पहारेकरी आले, हिशेबनीस आले, आणि उधारीवर मीठ देणं आलं. गावातला पुजारी आणि राजधानीतला पुजारी एकाच धर्माचे असूनही एकमेकांना ओळखणार नाहीत. खलनायक मुद्दाम तयार करावा लागत नाही. बाजूला पडलेलं मीठ तो तयार करतं. मात्र सगळे पुजारी लबाड करू नकोस. पहाटे तापाने फणफणलेला असतानाही गाठ सोडायला उठणारा एक तरी हवा.

कामांची वाटणी बारीक कर. पंढरपुरात विठ्ठलाच्या सेवेकऱ्यांत कामं घराण्यांनुसार वाटलेली होती. पुजारी पूजा करणार, बेणारी मंत्र म्हणणार, परिचारक पाणी आणणार, हरिदास गाणार, डिंगरे आरसा दाखवणार, दिवटे मशाल धरणार, डांगे दंड घेऊन उभे राहणार. यांच्यावर बडवे, आणि रुक्मिणीकडे उत्पात. या हक्कांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले. 1973 साली हे हक्क संपवणारा कायदा झाला आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वंशपरंपरागत हक्कांवर पडदा पडला. तुझ्या पडवीत रोजची गाठ कोण सोडतं, दिवा कोण धरतं, आकडा मोठ्याने कोण सांगतं, आणि 570 वी शेवटची गाठ सोडण्याचा मान कोणाचा, हे चार हक्क चार घरांत वाट. मानावरून झालेल्या एका भांडणात वाचकाला या धर्माबद्दल जेवढं कळेल, तेवढं दहा पानी प्रवचनात कळणार नाही.

फुटीकडे येते. एक पक्ष म्हणतो, पवित्र रात्र एकच, दोन्ही चंद्र नसलेली. दुसरा म्हणतो, चंद्राशी काय देणंघेणं, पाणी येतं ती रात्र पवित्र, म्हणून दोन्ही. पहिल्या पक्षाचा उपास 570 दिवसांनी, दुसऱ्याचा 285 दिवसांनी. दोघांत सोयरीक झाली तर सुनेने कधी जेवायचं? स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या दिनदर्शिकेत लागोपाठच्या दिवशी छापलेल्या बघणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

याहून मोठं संकट गणितात दडलंय, आणि ते तू वापरावंस असं मला फार वाटतं. धाकट्या चंद्राची फेरी नेमकी 19 दिवसांची ठेवू नकोस. 19 दिवस आणि सुमारे पाच मिनिटं ठेव. 30 फेऱ्यांत हा फरक अडीच तासांच्या आसपास, म्हणजे दिवसाचा साधारण दहावा भाग. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण 570 दिवसांच्या 50 आवर्तनांत, म्हणजे सुमारे 78 वर्षांत, तो पाच दिवसांवर जातो. तेव्हा दोऱ्या सांगतील त्या रात्री मोठ्या चंद्राची अमावास्या असेल, पण धाकटा अर्धा दिसत असेल आणि त्याचं उधाण ओसरलेलं असेल. सगळं गाव बोचकी घेऊन टेकडीवर, आणि पाणी बांधाच्या खालीच. खरं मोठं उधाण नंतर, लोक घरी परतल्यावर. बाईला पाहिलेलं कुणीही तोवर जिवंत नसतं, त्यामुळे तिलाच विचारू असं म्हणता येत नाही.

इथे तीन प्रकारची माणसं दाखव. गाठी वाढवा म्हणणारी, म्हणजे गणित सुधारणारी. आपल्या उपासामुळे पाणी थांबलं म्हणणारी, यांची संख्या सगळ्यात जास्त. आणि गप्प राहून पडवीत जायचं सोडणारी. सुधारणा करणाऱ्यांना सहज जिंकू देऊ नकोस. आपल्याकडे टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांच्या अयनांशांत, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची त्या मापात, सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे टिळक पंचांगाची मकरसंक्रांत चारेक दिवस आधी येते, आणि काही वर्षी अधिक महिना वेगळा पडून गणपती-दिवाळीच महिनाभर पुढेमागे होतात. तरी दोन्हींकडची माणसं आपापल्या घरी मनापासून सण करतात. गणित बरोबर असणं आणि लोकांनी ते मानणं यांत पिढ्या जातात.

भक्तीचा सूर एकसुरी ठेवू नकोस. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, आणि त्यानेच जवळीक दिसते. मूल वाहून गेलेल्या आईने उघाडीपाशी उभं राहून पाण्याला शिव्या दिल्या तर पुजाऱ्याने तिला थांबवू नये. तो रिवाजच असू दे.

कादंबरीत यातलं किती घालायचं? फार थोडं. हे सगळं तुझ्या वहीत राहू दे. पहिल्या तीन प्रकरणांत धर्माचं सलग स्पष्टीकरण शंभर शब्दांच्या वर जाऊ देऊ नकोस. त्याऐवजी एक शपथ, एक खाण्यातला निषेध, एक मयत आणि मानाचं एक भांडण. पात्रांना ज्या गोष्टी लहानपणापासून ठाऊक आहेत त्या त्यांनी एकमेकांना समजावून सांगू नयेत. फारच गरज पडली तर बाहेरून आलेला मिठाचा व्यापारी विचारेल, आणि त्याला मिळणारं उत्तर अर्धवट किंवा चुकीचं असेल.

आता टिपणाला हात लावू नकोस. आधी पहिल्या 570 दिवसांचं कोष्टक कर, त्यात प्रत्येक उधाण मांड, आणि तुझ्या कथानकातले प्रसंग कुठल्या तिथीला पडतात ते बघ. नायिकेच्या पळून जाण्याची रात्र तू चांदण्याची लिहिली आहेस. कोष्टकात ती कुठे येते त्यावरून पुढचं प्रकरण बदलेल. कोष्टक आणि मयताचा प्रसंग, दोन्ही मिळून पाठव.

कळावे.