खाडीकाठच्या घराला हात लावायच्या आधी

प्रिय मुली,

फोटो बघितले, प्लॅनही बघितला. ड्रॉइंग छानच आहे गं, पण खाडीकडची पडवी पुढे वाढवून काचेची सिटिंग रूम आणि आजीची खोली पार मागे, न्हाणीपासून लांब, हे कोणी ठरवलं? गणपतीला पंचवीस माणसं येतात म्हणून अख्खं घर त्यांच्या हिशोबाने बांधू नकोस, जुलैच्या पावसात तिथे रोज कोण झोपणारे ते आधी कागदावर लिही. आजी, आईबाबा, दादा-वहिनी आणि पिल्लू. बाकीचे चार दिवस ओटीवर गाद्या टाकून झोपतील, आपण नाही का झोपायचो.

पडवी वाढवणं तसंही जमणार नाही बहुतेक. 2019 च्या सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या) नोटिफिकेशनमध्ये खाडीच्या बाजूला भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल तेवढा पट्टा धरतात. गावाकडे त्या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती, पुनर्बांधणी चालते, पण आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढ्याच एफएसआयमध्ये, म्हणजे जागेच्या मानाने आहे त्याहून जास्त बांधकाम नाही. म्हणून आधी ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा काढ, घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोध. आणि सातबारावर काका-आत्यांची नावं असतील तर त्यांची लेखी संमती घे, नाहीतर काम अर्ध्यावर आलं की भांडणं सुरू होतात.

आता भिंती. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करायला कॉन्ट्रॅक्टर लगेच तयार होईल, तू होऊ नकोस. जांभा पाणी शोषतो आणि त्याला ते बाहेर सोडायला वाव लागतो, सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आत अडकते, लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटतो आणि दोन पावसात पोपडे. चुन्याचा गिलावा कर, कारागीर शोधायला वेळ लागेल पण शोध. स्लॅब टाकायचाच असेल तर एम30 ग्रेडचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर मागून घे, आणि खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ आतून सळई खातं. पण माझं विचारशील तर कौलंच ठेव. निसर्ग वादळात (3 जून 2020) रायगड-रत्नागिरीत कौलं आणि पत्रे दोन्ही उडाले, म्हणजे कौलं वाईट असं नाही, वासे भिंतीला नीट बांधलेले हवेत. वाळवी लागलेले वासे, रीपा बदल आणि बोल्ट, पट्ट्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घे, महाग पडतात तरी.

पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचार, उधाण आणि पाऊस एकत्र आले तेव्हाचं. त्या खुणेच्या वर सगळे सॉकेट, मीटर, इन्व्हर्टर. सेप्टिक टँक विहिरीपासून निदान 60 फूट लांब.

आजीची खोली ओटीला लागून, शेजारीच कमोड, दार तीन फुटी, उंबरठे काढून टाक, पकडायला दांडे भिंतीत पक्के. वरती वहिनीला छोटा ओटा, सिंक आणि गॅसची सोय करून दे, आई रागावेल थोडी, रागावू दे. दोन चुली असल्या की एका घरात राहणं सोपं जातं, हे आमच्याकडे फार उशिरा कळलं.

उतारा मिळाला की प्लॅन परत पाठव, कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स त्यानंतरच.

तुझा,
काका