जॅझ आवडत नाही म्हणजे संगीत कळत नाही, असं असतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ऑफिसातल्या मित्रांना जॅझचं वेड आहे, त्यांच्या आग्रहाखातर तुम्ही काही कार्यक्रम ऐकलेत, दर वेळी कंटाळलात, आणि आता ते म्हणतात की तुमचा कान अजून तयार नाही. खरंच आपल्यात काही कमी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. हे मी नुसतं बरं वाटावं म्हणून सांगत नाही. एखादं संगीत कळणं वेगळं आणि ते आवडणं वेगळं, आणि याचा भरभक्कम पुरावा खुद्द जॅझच्याच इतिहासात आहे. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि त्यांच्या बरोबरीच्या तरुण वादकांनी बीबॉप नावाचा नवा बाज रुजवला. लय झपाट्याची, स्वरसंगती (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) गुंतागुंतीची, नाचायला फारशी सोय नाही. आधीच्या पिढीतला थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याला तो पटला नाही आणि त्याने ते उघड बोलूनही दाखवलं. आता आर्मस्ट्राँगचा कान तयार नव्हता असं तुमचे मित्र म्हणतील का? एकट्या वादकाने समोर येऊन आपल्या कल्पनेने वाजवायचं, ही जॅझची आजची ओळख ज्यांच्यामुळे पक्की झाली त्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत येतं. इंग्रज कवी फिलिप लार्किनचंही तसंच. 1961 ते 1971 अशी दहा वर्षं तो डेली टेलिग्राफमध्ये जॅझच्या रेकॉर्डवर लिहीत होता. जुन्या जॅझवर त्याचा जीव होता, आणि पार्कर नि नंतरचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यावर राग.

आपल्याकडेही वेगळं काय घडलं? कुमार गंधर्वांच्या गाण्यावरून आयुष्यभर ख्याल ऐकलेल्या जाणकारांमध्ये किती कडाक्याचे वाद झाले! कुणाला त्यांचं गाणं म्हणजे नवा जन्म वाटला, कुणाला ते तुटक वाटलं. दोन्ही बाजूंना राग कळत होता, ताल कळत होता.

मी ख्याल शिकले आणि आता थोडंफार शिकवते. मला जॅझ आवडत नाही. धाकटे दीर मात्र जॅझवेडे, त्यामुळे ते घरात सतत वाजत असतं आणि माझ्या कानावर भरपूर पडतं. एकदा जेवणं झाल्यावर त्यांनी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 1959 सालची प्रसिद्ध रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, "वहिनी, आज नुसतं ऐकू नका, मोजा." त्या रेकॉर्डवरची पहिली रचना, 'सो व्हॉट', 32 खंडांच्या आवर्तनात फिरते. एकेक खंड चार मात्रांचा. पहिले सोळा खंड एका स्वरावर बसलेले, पुढचे आठ बरोबर अर्ध्या स्वराने वर, मग शेवटचे आठ परत मूळ जागी. ट्रम्पेट असो की सॅक्सोफोन, प्रत्येक जण आपली पाळी आली की याच आवर्तनावर आपलं म्हणणं मांडतो. दीर टेबलावर बोटांनी खंड मोजत होते.

पहिले सोळा खंड मला अगदी ओळखीचे वाटले. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. ट्रम्पेटही घाई न करता, मोजके स्वर घेत चाललेला. मी रमले होते. सतरावा खंड आला आणि सगळंच्या सगळं अर्ध्या स्वराने वर सरकलं. राग रंगात आलेला असताना कुणीतरी तानपुऱ्याच्या खुंट्या पिळाव्यात तसं मला झालं. त्याच क्षणी दिरांनी डोळे मिटून मान डोलावली. त्यांना गेले सोळा खंड त्याच जागेची ओढ होती.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच दिसतं. आम्ही दोघांनी एकच गोष्ट ऐकली, दोघांनाही ती नेमकी कळली, आणि जिथे त्यांना आनंद झाला तिथेच मला धक्का बसला. माझं सगळं शिक्षण न हलणाऱ्या षड्जावर उभं आहे. तानपुरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत सा तिथेच. आलाप कितीही भटकला तरी त्याला घर आहे, आणि प्रत्येक स्वराला अर्थ येतो तो त्या सा पासूनच्या अंतरामुळे. जॅझमध्ये पुष्कळदा ते घरच हलतं, आणि ते कसं हलतं, हलत असताना वादक त्यातून वाट कशी काढतो, यातच जॅझप्रेमींची मजा असते. 1959 सालीच जॉन कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' वाजवलं. त्यात आधारस्वर तीन जागांमधून इतक्या झपाट्याने फिरतो की त्या रेकॉर्डवरचा पियानोवादक टॉमी फ्लॅनागनसुद्धा, इतका मुरलेला असून, आपल्या पाळीत अडखळताना ऐकू येतो. दिरांना ती रचना पराक्रम वाटते. मलाही पराक्रम वाटतो. पण पुन्हा ऐकावीशी वाटत नाही.

तुमची नावड माझ्यासारखीच असेल असं नाही. तुम्ही लिहिलंय की सगळे आळीपाळीने वाजवत बसतात आणि गाणं हरवून जातं. म्हणजे तुम्हाला सुरावट धरून राहायची आहे, आणि जॅझमध्ये मूळ चाल सुरुवातीला एकदा वाजवून बाजूला ठेवतात, ती थेट शेवटीच परत येते. मधल्या वेळात तिची फक्त स्वरसंगती चालू राहते. ती पियानो आणि डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याकडे असते, पुढे उभ्या असलेल्या सॅक्सोफोनकडे नाही. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं: पुढचं वाद्य डोक्यावरून जाऊ लागलं की कान बासकडे न्यावा. आवर्तन तिथे सापडतं. याने जॅझ आवडायला लागेल असं मी म्हणत नाही, पण बसल्या बसल्या हरवल्यासारखं वाटणं थांबतं.

कुठले स्वर एकत्र गोड लागतात हेही आपण वाढतो तिथेच ठरतं. बोलिव्हियाच्या ॲमेझॉन भागात राहणाऱ्या, पाश्चात्त्य संगीत फारसं न ऐकलेल्या चिमाने लोकांवर केलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य कानाला सुसंवादी वाटणारे आणि कर्कश वाटणारे स्वरमेळ, दोन्ही त्यांना सारखेच छान वाटले. 2014 साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी तर अशी धडधाकट माणसं दाखवली, ज्यांना कुठल्याच संगीतातून आनंद मिळत नाही. सूर ओळखता येतात, गाणं दुःखी की आनंदी तेही सांगता येतं, बाकी सुखं नेहमीसारखी. एवढं असताना एका प्रकारच्या संगीतावरून कुणाच्या समजेला नावं ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे. आपले ख्यालवालेही हेच करतात, भावगीतं ऐकणाऱ्याला किंवा लावणीत रमणाऱ्याला हिणवतात. मला त्याचा मनापासून राग येतो.

आणखी एक. जॅझ या नावाखाली शंभर वर्षांचा पसारा आहे आणि तुम्ही त्यातला कुठला भाग ऐकलात ते मला कळलेलं नाही. 1930 च्या दशकातलं ड्यूक एलिंग्टनचं नाचायला लावणारं वाद्यवृंदाचं संगीत आणि 1960 नंतरचं ऑर्नेट कोलमनचं मोकाट वादन यांच्यात नाट्यसंगीत आणि धृपदाइतकं अंतर असेल. शिवाय त्यातलं काही तुम्हाला नकळत आवडतही असेल. 'अलबेला' (1951) मधलं 'शोला जो भडके' ऐकून ज्याचा पाय हलत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. संगीतकार आपले सी. रामचंद्र, आणि त्यांच्यासोबत ट्रम्पेटवर चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायची. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले असे कितीतरी गोवेकर रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांचे वाद्यमेळ बांधत. त्यांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली. ही माणसं आपल्या कानांवर जे करून गेली त्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते, आणि ती वाटायला जॅझ आवडावं लागत नाही.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. "मला हे भावत नाही" असं बिनदिक्कत म्हणा. "हा नुसता गोंगाट आहे, हे संगीतच नाही" असं म्हणू नका. जॅझला गोंगाट म्हणण्याचा इतिहास वाईट आहे. 1938 साली ड्युसेलडॉर्फमध्ये नाझींनी 'अधःपतित संगीता'चं प्रदर्शन भरवलं, त्याच्या जाहिरातीवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या काळ्या माणसाचं विद्रूप व्यंगचित्र होतं आणि त्याच्या कोटावर ज्यूंचा तारा. अमेरिकेतही आधीच्या दशकांत जॅझला अनैतिक ठरवणाऱ्यांच्या मनात ते वाजवणाऱ्यांच्या रंगाबद्दलची घृणा होती. तुमच्या नावडीचा याच्याशी काडीचा संबंध नाही, म्हणूनच तिला त्या शब्दांत बोलू देऊ नका.

मित्रांना एवढंच सांगा की कान तयार आहे, आवड वेगळी आहे. त्यातल्या एखाद्याशी तुमचं खरंच जमत असेल तर त्याच्या सर्वांत लाडक्या रचनेतला एकच मिनिट त्याला लावायला सांगा, आणि त्या मिनिटात तो काय ऐकतो ते बोटांवर मोजून दाखवायला सांगा. मोठ्या कार्यक्रमात तीन तास बसण्यापेक्षा यातून जास्त हाती लागतं. नंतर त्याला तुमच्या आवडीचं काहीतरी तसंच ऐकवा. आमच्याकडे हेच चालतं. दिरांना विलंबित ख्याल अजूनही झेपत नाही, आणि दोघांपैकी कुणालाही त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्हाला स्वतःला काय ऐकायला आवडतं ते प्रश्नात आलेलं नाही. ते कळवलंत तर जॅझमधलं काही तुमच्या जवळ येण्यासारखं आहे की नाही, हे मी दिरांना विचारून सांगते.