मिरचीची कुंडी आणि दक्षिणेची खिडकी

पावसाळा सरता सरता या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी घरातील कुंडीत लावलेल्या मिरचीविषयीची चार पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या पत्रांतील निम्म्या तक्रारींचे मूळही तेथेच आहे.

प्रश्न : आम्ही टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्ची वापरता येत नाही, म्हणून दक्षिणेकडील खिडकीत मिरचीच्या तीन कुंड्या ठेवल्या. मिरचीला दक्षिणेची खिडकी सर्वांत उत्तम, असे अनेक ठिकाणी वाचले होते. मेच्या मध्यावर पाकिटातील बी पेरले आणि रोपे चांगली उगवली. परंतु ती दीड फूट उंच व शेलाटी होऊन काचेकडे झुकली आहेत. ऑगस्टअखेर थोडी फुले आली आणि तीही गळाली. तीन वेळा खत देऊनही फरक पडला नाही. चूक कोठे झाली? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : खत देणे आधी थांबवावे. लांब कांडी, बारीक खोड आणि काचेकडे झुकणे ही प्रकाश अपुरा पडल्याची लक्षणे आहेत, आणि प्रकाश कमी असताना नत्रयुक्त खत दिले की झाड पानांवर भर देते व फुले टाकून देते.

दक्षिणेच्या खिडकीचा जो सल्ला आपण वाचला, तो मुळात युरोपासारख्या उत्तरेकडील देशांतील माळ्यांचा आहे. तेथे भर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेसच असतो, त्यामुळे त्यांच्यापुरते ते खरे आहे. बेळगाव मात्र विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सोळा अंशांवर वसलेले आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी तो चक्क उत्तरेकडे असतो. आपण बी पेरले ते नेमके याच काळात, म्हणजे आपल्या खिडकीत थेट ऊन येण्याची शक्यताच नव्हती. त्यातच जून ते सप्टेंबर बेळगावचे आभाळ कसे असते, हे आपणास वेगळे सांगायला नको.

छज्ज्याचा हिशेबही करून पाहावा. खिडकीवर दीड फूट पुढे आलेला छज्जा असेल, तर डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली भिंतीवर सुमारे दोन फूट खाली येते, म्हणजे चार फूट उंचीच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग, जेथे कुंडी असते, उन्हात राहतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली पाच फुटांहून अधिक खाली उतरते आणि दुपारी संपूर्ण खिडकी सावलीत जाते. एकच खिडकी डिसेंबरात उत्तम आणि जूनमध्ये निरुपयोगी ठरते ती अशी. मी स्वतः काही वर्षांपूर्वी याच समजुतीने एका कुंडीस वर्षभर दक्षिणेच्या खिडकीतून हलविले नाही आणि दोष मात्र बियांना देत राहिलो.

दिशेपेक्षा उन्हाचे तास मोजणे अधिक उपयोगाचे आहे. एखाद्या रविवारी सकाळपासून दर तासाला कुंडीच्या जागी थेट ऊन आहे की नाही, हे कागदावर टिपून ठेवावे. सहा तास ऊन मिळत असेल तर मिरची चांगली लागते. चार तासांच्या आत पाने येतात, फळांची फारशी आशा धरू नये. डासांची जाळी, रंगीत काच आणि पडदा यांनी बराच प्रकाश अडतो, आणि कुंडी खिडकीपासून दोन हात आत सरकवली तर डोळ्यांना खोली उजळ वाटली तरी झाडाच्या दृष्टीने तो जवळजवळ अंधारच असतो. पूर्वेच्या खिडकीत ऊन तासांनी थोडे कमी, पण वर्षभर भरवशाचे मिळते. पश्चिमेची खिडकीही चालते, मात्र मार्च ते मे या काळात तेथे काच तापते व कुंडीला दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते.

केवळ दक्षिणेची खिडकी उपलब्ध असेल, तर माझ्या मते घटस्थापनेच्या सुमारास पेरणी करावी. मिरचीचे बी पंचवीस ते तीस अंश तापमानात आठ ते चौदा दिवसांत उगवते, आणि ती ऊब ऑक्टोबरात घरात सहज मिळते. चार-सहा पाने आल्यावर रोप आठ ते दहा इंचांच्या, तळाला भोक असलेल्या कुंडीत हलवावे. दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एवढे मिश्रण पुरेसे होते. डिसेंबरअखेर फुले येतात, तेव्हा दक्षिणेचे ऊन भरपूर असते. बेळगावच्या थंडीत रात्री खिडकी बंद ठेवावी, कारण पारा पंधरा अंशांच्या खाली गेला की फळधारणा मंदावते. मार्चनंतर मात्र कुंडी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या बाजूस न्यावी लागेल.

आता फुलगळीविषयी. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. शेतात वारा ती फुले हलवतो आणि पराग स्त्रीकेसरावर पडण्याचे काम होते, पण बंद खिडकीआड हे काम आपल्यालाच करावे लागते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुललेल्या फांदीला बोटाने हलकेच दोन-तीन टिचक्या माराव्यात. माती पार सुकू देऊन मग एकदम भरपूर पाणी देण्याच्या सवयीनेही फुले गळतात.

सध्याची रोपे उपटू नयेत. मिरची हे मुळात अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. खोड वीतभर ठेवून, पानाच्या पेराच्या थोडे वर छाटावे. दोन-तीन आठवड्यांत बाजूने फुटवे येतील आणि त्यांना ऑक्टोबरचे कलते ऊन मिळेल.

प्रश्न : मसाल्यासाठी आणलेल्या वाळक्या संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांचे बी कुंडीत लावले तर चालेल का? (एक वाचक, वडगाव)

उत्तर : उगवण्याच्या दृष्टीने चालेल. या मिरच्या झाडावर लाल होऊन मग वाळविलेल्या असल्याने त्यांतील बी पक्व असते. भाजीच्या हिरव्या मिरचीतील कोवळ्या बियांविषयी असे म्हणता येत नाही. मिरची भाजण्यापूर्वी बी काढावे, आणि पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. दहा-बारा दिवसांत सहा-सात बियांना मोड आले तर ते बी पेरण्याजोगे समजावे.

खिडकीत लावण्याच्या दृष्टीने मात्र माझे मत निराळे आहे. हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी मिरची लांब व सुरकुतलेली असते आणि तिचे झाड शेतातील मोकळ्या जागेचे आहे. खिडकीत ते गजांना टेकून आडवे होते. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीच्या मिरचीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते तिच्या गडद रंगासाठी आणि बेताच्या तिखटपणासाठी. कुंडीतल्या आठ-दहा मिरच्यांनी वर्षाच्या चटणीला रंग येणार नाही, हे लक्षात घेऊन हौस करावी. रोज फोडणीला चार हिरव्या मिरच्या मिळाव्यात एवढीच अपेक्षा असेल, तर बुटकी व झुडपासारखी वाढणारी पुसा ज्वाला ही जात अधिक सोयीची. पेठेतील दुकानात बियांच्या पाकिटावर बहुधा कन्नडमध्ये ‘मेणसिनकायी’ असे लिहिलेले असते. पाकिटातील बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असेल, तर त्यास बुरशीनाशक चोळलेले असते. अशा बियांना लहान मुलांचा हात लागू देऊ नये.

प्रश्न : आमच्या घरी विड्या वळण्याचे काम चालते. त्याच खोलीतील खिडकीत मिरची लावली आहे. नव्या पानांवर फिकट व गडद हिरवे ठिपके एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात आणि पाने आकसली आहेत. शेजारच्या काकू म्हणतात की तंबाखूची धूळ औषधासारखी असते, तिने कीड मरते. मग असे का व्हावे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : काकूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. तंबाखूतील निकोटीन मावा, म्हणजे पानांतील रस शोषणारी बारीक कीड, मारते. परंतु तंबाखू, मिरची, टोमॅटो आणि वांगे ही एकाच कुळातील झाडे असून तंबाखूच्या पानांवर असे फिकट-गडद चट्टे पाडणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणू मिरचीलाही होतो. पान वाळले तरी हा विषाणू दीर्घकाळ टिकून राहतो आणि त्याच्या प्रसारासाठी किडीची गरज नसते. तंबाखू हाताळलेल्या हातांनी मिरचीचा शेंडा खुडला, एवढे त्याला पुरते. आपण वर्णन केलेले चट्टे त्या रोगाशी जुळतात. मावा जे अन्य विषाणू पसरवतो त्यांची लक्षणेही काहीशी अशीच असतात, म्हणून रोपाची फांदी पिशवीत घालून कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात दाखवून घ्यावी.

विषाणूवर फवारणीचे औषध नाही. बाधित रोप कुंडीतून काढून टाकावे, त्या मातीत पुन्हा मिरची किंवा टोमॅटो लावू नये आणि कुंडी धुऊन घ्यावी. नवे रोप दुसऱ्या खोलीच्या खिडकीत ठेवावे, आणि काम संपल्यावर साबणाने हात स्वच्छ धुतल्याखेरीज त्यास हात लावू नये. रोपे हाताळण्यापूर्वी साय काढलेल्या दुधात हात बुडविण्याची जुनी रीतही उपयोगी आहे, कारण दुधातील प्रथिने या विषाणूस निष्प्रभ करतात. तंबाखूच्या तरव्यात (रोपे तयार करण्याच्या वाफ्यांत) काम करून आलेल्यांनीही हीच काळजी घ्यावी.

प्रश्न : मिरचीची पाने होडीसारखी वर वळली आहेत. हा पाने आकसणारा बोकड्या रोग आहे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : पानांच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे असतात, आणि पाने उलट्या होडीसारखी खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी, म्हणजे रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड. पाने बारीक होऊन झाडाची वाढच खुंटली असेल, तर पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू समजावा व रोप काढून टाकावे. पहिल्या दोन्ही प्रकारांत शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. बारीक पिवळसर किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, चिमूटभर साबणचुरा मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे आणि आठ दिवसांनी पुन्हा करावे. वळलेली पाने पुन्हा सरळ होत नाहीत; नवीन येणारी पालवी कशी आहे ते पाहावे.